न्यू हार्मनी : एका फसलेल्या वसाहतीचे उत्तरचरित्र

युटोपियन वसाहतींचा इतिहास बहुधा अपयशाच्या कथनरूपात सांगितला जातो. एक स्वप्नद्रष्टा, त्याची संहिता, काहीशे अनुयायी, अंतर्गत कलह आणि अखेर विसर्जन, असा या कथनाचा साचा ठरून गेला आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात वाबाश नदीकाठी असलेले न्यू हार्मनी हे या साच्याचे लाडके उदाहरण. रॉबर्ट ओवेनने १८२५ साली तेथे सामुदायिक जीवनाचा प्रयोग आरंभिला आणि १८२७ साली तो मोडला. या दोन सनांच्या चिमटीत सारी हकीकत बसवली जाते. परंतु कथन कोठे थांबवायचे, हे घटना ठरवीत नाहीत, कथनकार ठरवतो.

आरंभाविषयीही हेच म्हणता येईल. ओवेनने गाव वसवले नाही, ते विकत घेतले. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गहून आलेल्या जॉर्ज रापच्या पंथाने १८१४ पासूनच्या दहा वर्षांत तेथे घरे, गिरण्या, द्राक्षमळे आणि प्रार्थनामंदिर उभारले होते. ख्रिस्ताचे पुनरागमन समीप आले आहे या श्रद्धेने ही मंडळी ब्रह्मचर्य पाळीत, मालमत्ता सामाईक ठेवीत आणि व्यापार मात्र चोख करीत. त्यांच्या लेखी गाव हे गंतव्य नव्हते, प्रतीक्षेचे ठिकाण होते. म्हणूनच ते विकून पेनसिल्वेनियात परत जाणे त्यांना जड गेले नसावे. त्यांचा संघ पुढे १९०५ पर्यंत टिकला. १८४५ साली एंगल्सने तत्कालीन साम्यवादी वसाहतींचा जो आढावा लिहिला, त्यात सामाईक मालकी व्यवहार्य असल्याचा पुरावा म्हणून त्याने याही पंथाकडे बोट दाखवले. धर्मनिरपेक्ष सिद्धांताला दाखला मिळाला तो भाविकांकडून!

ओवेनची मूळ धारणा अशी की माणसाचे चारित्र्य परिस्थिती घडवते. तेव्हा परिस्थितीची रचना बदलली की माणूस बदलेल. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरणीत त्याला याचा प्रत्यय आला होता. मात्र तेथे तो मालक होता, ही गोष्ट त्याच्या सिद्धांतात नीटशी उतरली नाही. न्यू हार्मनीत खुल्या निमंत्रणावरून आठशेच्या वर माणसे जमली, आणि पहिल्या वर्षाचा बराच काळ ओवेन स्वतः गावाबाहेर होता. संविधानामागून संविधाने लिहिली गेली.

या लेखनोत्साहाचा एक मासला साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. ओवेनचा वास्तुकार स्टेडमन व्हिटवेल याला अमेरिकेत गावांची तीच ती नावे पुनःपुन्हा येतात याचा उबग आला. त्याने अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांना अक्षरे नेमून दिली आणि त्यांतून प्रत्येक स्थळाचे एकमेव नाव सिद्ध करण्याची पद्धत सुचवली. तीनुसार न्यू हार्मनीचे नाव झाले ‘इप्बा वेनुल’. चिन्ह आणि चिन्हित यांतील यादृच्छिकता संपवण्याचा हा प्रयत्न म्हणायचा; पण त्यातून जे उरले ते स्मृतिहीन नाव. लोकांनी ते उचलले नाही. त्यांनी रापचेच नाव ठेवले, पुढे ‘न्यू’ जोडून. मला वाटते, ओवेनच्या प्रयोगाचे मर्म या एका तपशिलात जितके सापडते, तितके त्याच्या भाषणांत सापडत नाही.

संहिता फसली, तिच्या निमित्ताने आलेली माणसे मात्र राहिली. जानेवारी १८२६ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम मॅक्ल्यूर याच्यासमवेत नावेने आलेल्यांत निसर्गशास्त्रज्ञ टॉमस से, चित्रकार ल्यस्यूर आणि शिक्षिका मारी फ्रेताझो होती. प्रयोग मोडल्यानंतरच्या वर्षांत, १८३० पासून, से याचा अमेरिकेतील शंख-शिंपल्यांवरील सचित्र ग्रंथ याच गावच्या छापखान्यात छापला गेला. ओवेनचा मुलगा डेव्हिड डेल याने १८३७ साली इंडियानाची पहिली भूवैज्ञानिक पाहणी केली. मॅक्ल्यूरने १८३८ साली स्थापन केलेली श्रमिकांची संस्था आणि तिचे ग्रंथालय आजही चालू आहे. त्याच्या मृत्युपत्रातून इंडियाना व इलिनॉय या राज्यांत मिळून १६० ग्रंथालयांना साहाय्य मिळाले. त्यांतील बहुतेक फार काळ टिकली नाहीत, हे खरे. परंतु जेथे पुस्तक ही दुर्मीळ वस्तू होती अशा मुलखात एका पिढीच्या हाती ती पडली, याची नोंद ‘अपयश’ या सदरात कशी करणार?

येथवर आल्यावर वारशाचे गोडवे गाऊन थांबणे सोयीचे आहे. पण मे १८२५ च्या पहिल्याच संविधानात, सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या व्यक्तींना सभासदत्व खुले करणाऱ्या वाक्यात, कृष्णवर्णीयांना वगळलेले आहे. ‘सर्व’ हा शब्द आणि त्याचा अपवाद एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसतात, आणि वाक्याला त्याची खंत वाटत नाही. ओवेनचाच मुलगा रॉबर्ट डेल १८५०-५१ च्या इंडियाना संविधान परिषदेत विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता-हक्कासाठी झगडला. त्याच परिषदेने तेरावे प्रकरण लिहून कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन वसण्यास बंदी घातली. एकातून दुसरे निघाले असा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही संहितांची वाक्यरचना सारखी आहे. पुढे १८६३ साली याच रॉबर्ट डेलने मुक्त झालेल्या गुलामांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शासकीय आयोगावर काम केले. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६६ मध्ये तेरावे प्रकरण निरर्थक ठरवले. संविधानाच्या पानावरून ते पुसले गेले १८८१ साली.