गडचिरोली दारूमुक्ती आंदोलन
दारू आणि तंबाखूचा वापर घटवण्यासाठी ग्रामस्थ, विशेषतः स्त्रिया, व स्वयंसेवी संस्थांनी गडचिरोली जिल्ह्यात उभारलेली लोकचळवळ.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम येथे 1986 च्या सुमारास सुरू झाले. गावोगावच्या स्त्रियांनी दारू हाच मोठा त्रास असल्याचे सांगितल्यावर ग्रामसभांचे ठराव, विक्रेत्यांना गावाने केलेला दंड आणि शासनाकडे सततची मागणी असा लढा उभा राहिला. 1993 मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. (पहा : राज्यघटना, अनुच्छेद 47, ग्रामसभा).

कायद्याने दुकाने बंद झाली तरी अवैध विक्री व व्यसनाधीनता उरतात. या आंदोलनाने ते ओळखले, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. त्यामुळे 2016 पासूनच्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात जनजागृती, गावसंघटना, बंदीची अंमलबजावणी आणि व्यसनींवर तालुका पातळीवरील उपचार यांची सांगड घातली आहे. शासन, टाटा ट्रस्ट्स व ‘सर्च’ त्यात सहभागी झाले. (पहा : तंबाखू, मुक्तांगण).

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांच्या आंदोलनानंतर 2015 मध्ये दारूबंदी झाली. ती 2021 मध्ये उठवण्यात आली. गडचिरोलीतील बंदी त्यानंतरही कायम राहिली.