कालवा: शेतातला आणि शरीरातला

सेलूकडच्या शेतकऱ्याला 'कॅनल' म्हटलं की बोर धरणाचं पाणी आठवतं. त्याचीच दाढ ठणकली आणि तो सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात गेला, तर डॉक्टर म्हणतात, 'रूट कॅनल करावं लागेल.' शब्द एकच. आज आपण तो जरा उकलून पाहू. पाणी वाटणाऱ्यांचे आणि शरीर तपासणाऱ्यांचे शब्द फार जुन्या काळापासून एकमेकांकडे जात-येत आहेत, आणि त्या देवघेवीत एक चूकही इकडून तिकडे गेली, असं आम्हाला वाटतं.

'कॅनल' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी 'कान्ना', म्हणजे पोकळ वेत किंवा बोरू आहे. गंमत म्हणजे संस्कृतातही 'नड' किंवा 'नल' म्हणजे नदीकाठचं तेच पोकळ गवत. त्यावरून आपली नळी, नलिका, आणि वैद्य हातात धरतो ती नाडी. 'कालवा' मात्र दक्षिणेचा नातेवाईक: कानडीत काळुवे नव्हे, कालुवे, तमिळमध्ये काल्वाय, आणि त्यातल्या 'वाय'चा अर्थ तोंड. आपल्या विदर्भात बरेच जण 'नहर'ही म्हणतात, तो अरबीतून आलेला.

आता शरीराकडे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातव्या अध्यायात ७०० सिरा सांगितल्या आहेत. त्यांचं मूळ नाभी. बागेला पाण्याच्या चाऱ्यांनी आणि शेताला पाटांनी ओलावा मिळावा, तसं या सिरांमुळे शरीराचं पोषण होतं, अशी तिथली उपमा आहे. तिकडे ग्रीसमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनेही रक्तवाहिन्यांना बागेच्या पाटांचीच उपमा दिली. कोणी कोणाचं वाचलं या वादात आम्ही पडत नाही. ज्याने बारं धरलेलं पाहिलंय त्याला ही उपमा आपोआप सुचेल.

पण पाटाचं पाणी शेतात मुरतं, परत येत नाही. उपमा पत्करली की रक्ताचंही तसंच मानावं लागतं: तयार झालं, पोचलं, अंगात जिरलं. युरोपातले वैद्य शतकानुशतकं असंच मानत होते. १६२८ साली विल्यम हार्वेने हे मोडलं, आणि ते कसं मोडलं हे ऐकण्यासारखं आहे. त्याने पाटकऱ्यासारखा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय किती रक्त पुढे ढकलतं आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? अगदी कमी धरलं तरी गुणाकार अंगातल्या एकूण रक्ताच्या वर जातो. एवढं नवं रक्त अन्नातून तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त परत येतंय. ते कुठून वळतं, त्या केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पिगीला १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या.

वैद्यांनी परतीची वाट मान्य केली. कालवे बांधणाऱ्यांना त्यानंतरही बराच वेळ लागला. पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आलं, ऊस आला. मुरलेल्या पाण्याने भूजल वर चढलं, पाणी उन्हाने उडालं आणि क्षार वर राहिले. जमिनी चिबड आणि खारवट झाल्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर लिहिलं. उपाय होता चर खणण्याचा, म्हणजे जादा पाण्याला बाहेरची वाट देण्याचा.

आणि दात? तिथे तर हे अगदी उघड आहे. दाताच्या आतला मगज कठीण भिंतींत बंद असतो. रक्त आत येतं आणि बाहेर जातं ते मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीकशा वाटेने. आत सूज आली तर फुगायला जागा नाही, निचरा नाही. दाब वाढतो, रक्त अडतं, मगज मरतो. रात्रभर जी ठणक लागते ती बरीचशी या कोंडीची. डॉक्टर वरून वाट पाडतात, पोकळी साफ करून भरून टाकतात.

आपल्या जिल्ह्यात बोर नदीवरचं मातीचं धरण १९६५ मध्ये झालं. पुढे आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्प आला. जमीन बरीचशी काळी, पाणी धरून ठेवणारी. अशा रानात कपाशीच्या बुडाशी पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं. तरी कुठल्याही गावच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो पाळी कधी सुटणार, टेलपर्यंत पाणी पोचणार का. हा प्रश्न रास्तच आहे, टेलवाल्याने तो विचारलाच पाहिजे. चराचं मात्र कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी कॅनलच्या कडेने जाल तेव्हा शेताच्या खालच्या अंगाला चर कुठे आहे ते बघा. सापडला, तर त्यात बेशरम किती माजलीय तेही बघा.