केऑसजन्य यादृच्छिक संख्या (उत्क्रांती-गणनविधींतील)

केऑस दाखवणाऱ्या, म्हणजे आरंभीच्या किंचित फरकानेही पुढचा क्रम पार बदलणाऱ्या, निश्चित सूत्रातून निघूनही अनियमित भासणारा संख्याक्रम. जनुकीय गणनविधी (जॉन हॉलंड, 1975), भेदी उत्क्रांती (स्टॉर्न व प्राइस, 1995) अशा शोधपद्धतींत आरंभीची उत्तरे, संकर, उत्परिवर्तन व निवड यांसाठी नेहमीच्या आभासी-यादृच्छिक जनकाऐवजी तो योजतात.

पूर्वपीठिका : यादृच्छिक संख्या बनवण्याच्या फॉन नॉयमान यांच्या मध्यवर्ग रीतीत चार अंकी संख्येचा वर्ग करून मधले चार अंक घेतात. 3792 चा वर्ग 14379264. मधले अंक पुन्हा 3792, आणि क्रम तिथेच खुंटतो.  जनकात तो दोष. उलाम व फॉन नॉयमान यांनी 1947 मध्ये यादृच्छिक संख्यांसाठी लॉजिस्टिक सूत्र सुचवले : नवा क्ष = 4 × क्ष × (1 − क्ष). रॉबर्ट मे यांच्या 1976 मधील लेखाने ते जीवसंख्येच्या चढउतारांसंदर्भात गाजले. मत्स्यसाठ्याचे रिकर सूत्र (1954) याच कुळातले.  

संख्यांची वाटणी : लॉजिस्टिक सूत्रात 0.3 पासून निघाल्यास 0.84, 0.5376, 0.9943, 0.0225 असा क्रम मिळतो. 0.5 घेतल्यास 1 व मग कायमचे 0, 0.75 तर जागचे हलत नाही. संगणकाच्या मर्यादित अचूकतेमुळे इतर क्रमही अखेर चक्रात अडकतात. शिवाय वाटणी समान नसते : 0 ते 0.1 आणि 0.9 ते 1 या दोन टोकांतच सुमारे 41 टक्के संख्या पडतात. समान वाटणीत 20 टक्केच पडल्या असत्या. उत्तर शोधक्षेत्राच्या कडेला असेल तर एवढ्यानेच लाभ होतो. तो केऑसच्या खाती मांडण्यापूर्वी तशाच वाटणीच्या साध्या यादृच्छिक संख्यांशी तुलना व्हायला हवी. पुष्कळ लेखांत ती नसते.

दावे : कापोनेत्तो व सहकारी (2003) यांनी केऑसजन्य संख्या वापरून काही चाचण्यांत सुधारणा नोंदवली. पुढे झेलिंका, शेंकेरझिक आदींनी लोझी व इतर केऑसजन्य सूत्रे वापरली. निष्कर्ष समस्येनुसार बदलतात. मर्सेन ट्विस्टरसारखे (1998) नेहमीचे आभासी-यादृच्छिक जनक प्रचारात आहेतच.

महाराष्ट्र : आनंद कुलकर्णी व सहकाऱ्यांची 'कोहॉर्ट इंटेलिजन्स' (2013) ही शोधपद्धती आहे. तिच्यात रूलेट-चक्र निवड (गुणवत्तेच्या प्रमाणात संधी देणारी यादृच्छिक निवड) आहे, म्हणून तिथेही यादृच्छिक संख्यांचा जनक लागतो.