जग वाचवायला पन्नास मोहरा

27 मे 1986 रोजी जपानमध्ये एनिक्स या कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा गेम बाजारात आणला. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवर चालणारी ती कॅसेट अवघ्या 64 किलोबाइटची होती. एवढ्याशा जागेत राज्य, गुहा, राजकन्या आणि ड्रॅगन बसवायचे म्हणजे काटकसर आलीच. नायकाचं चित्र फक्त समोरून काढलेलं होतं. तो कुठल्याही दिशेने चालला तरी तोंड खेळणाऱ्याकडेच. कोणाशी बोलायचं तर आधी दिशा सांगायची, जिना उतरायचा तर यादीतून 'जिना' निवडायचा. खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा मंत्र द्यायचा. तो वहीत नीट उतरवून घ्यायचा. एखादं अक्षर चुकलं तर तिथवरची सगळी मेहनत पाण्यात.

जपानच्या एका अख्ख्या पिढीला हे नियम तोंडपाठ झाले. गेमच्या जगात घडणाऱ्या विनोदी अ‍ॅनिमे मालिका आज जगभर आवडीने पाहिल्या जातात, त्यांचं मूळ या पाठांतरात आहे.

गेमचे लेखक युजी होरी हे आवाजी बेटावर जन्मलेले आणि 'शोनेन जम्प' या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, साप्ताहिकासाठी लिहिणारे. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकी कॉम्प्युटर गेम्सनी त्यांना झपाटलं होतं. तीच गंमत लहान मुलांनाही घेता यावी, म्हणून त्यांनी हा सोपा अवतार रचला. चित्रांसाठी 'ड्रॅगन बॉल'चे अकिरा तोरियामा आले. पहिल्या शत्रूसाठी, म्हणजे स्लाइमसाठी, होरींनी चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी खरडून दिलं. तोरियामांनी त्याचा थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा निळा जीव केला. मुलांना पहिल्याच लढाईत भेटणारा राक्षस असा हसतमुख होता. विनोदाची सुरुवात गेममध्येच झाली होती.

बाकीचा विनोद नियमांनी पुरवला. 1987 सालच्या दुसऱ्या भागात राजा आपल्या मुलाला जग वाचवायला पाठवतो आणि हातावर टेकवतो तांब्याची एक तलवार आणि पन्नास मोहरा. नायक परक्याच्या घरात शिरून पेट्या उघडतो, तरी घरमालक शांतपणे गप्पा मारत राहतो. लढाईत मेलेला नायक पुन्हा राजासमोर उभा राहतो. निम्मे पैसे गेलेले असतात, वर राजाची बोलणी खावी लागतात. खेळताना यातलं काहीच खटकत नाही. तेच शाळेच्या मधल्या सुट्टीत मित्राला सांगायला गेलं, की हसू आवरत नाही.

10 फेब्रुवारी 1988 रोजी, बुधवारी, तिसरा भाग आला तेव्हा दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली शेकडो मुलं पोलिसांनी हुडकून काढली. त्या भागाच्या सुमारे 38 लाख प्रती खपल्या. इतक्या लोकांना एकच गोष्ट बारकाव्यांसह माहीत असली, की तिच्यावर विनोद करताना काही समजावून सांगावं लागत नाही.

हे एनिक्सने ओळखलं. 1990 पासून कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट'वरच्या चार चौकटींच्या विनोदी चित्रकथांची पुस्तकं काढायला सुरुवात केली. त्यांत नवोदितांनाही जागा मिळू लागली. पुढच्याच वर्षी कंपनीचं 'शोनेन गानगान' हे मांगा मासिक सुरू झालं. चार चौकटींत हात साफ केलेल्या हिरोयुकी एतो या तरुण चित्रकाराने 1992 मध्ये तिथे 'माहोजिन गुरुगुरु' ही मालिका सुरू केली.

'गुरुगुरु'चा नायक निके हा शूर वगैरे मुळीच नाही. वीर होण्याची हौस त्याच्या बापाची. राजाने वीर हवेत अशी दवंडी पिटताच तो पोराला घराबाहेर काढतो. सोबत येते कुकुरी ही छोटी जादूगार. तिची जादू जमिनीवर काठीने वर्तुळ काढून करायची असते. वर्तुळ जरा बिघडलं की अक्राळविक्राळ राक्षसाऐवजी भलतंच काहीतरी बाहेर पडतं. प्रसंग घडत असताना गेममधल्यासारखी चौकट उघडते आणि निवेदक कोणी काय केलं ते गंभीरपणे जाहीर करतो. त्यातच गवताचा घागरा नेसलेला, उघड्या अंगाचा एक म्हातारा घुसतो. तरुण मुलींनी करायचा 'किता किता' नाच तो एकटा, निष्ठेने जिवंत ठेवत असतो. लढाई ऐन रंगात आली की हा कंबर हलवत हजर! एतोंनी या म्हाताऱ्याची टर उडवली नाही. तो आपल्या कलेबाबत कमालीचा प्रामाणिक आहे, म्हणूनच तो इतका हसवतो.

ऑक्टोबर 1994 मध्ये 'गुरुगुरु' टीव्हीवर आली आणि 45 भाग चालली. ती बनवली निप्पॉन अ‍ॅनिमेशनने. मराठी घरांना हा स्टुडिओ नावाने नसला तरी कामाने परिचित आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेला 'जंगल बुक'चा मोगली याच स्टुडिओचा, आणि त्याच्या हिंदी अवतारात शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. 'ड्रॅगन क्वेस्ट' मात्र तेव्हा आपल्याकडे पोचला नाही. आपल्या मुलांचे अंगठे दुखले ते 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळून.

तिकडे जपानमध्ये 1995 साली हाजिमे कानझाका यांच्या कादंबऱ्यांवरची 'स्लेयर्स' आली आणि तिने खादाड, तापट, पैशाला चटावलेली जादूगार लीना इन्व्हर्स नायिका म्हणून उभी केली. पुढे वारं फिरलं. ऑनलाइन गेम्सचा काळ आला तशा 2002 मधल्या 'डॉट हॅक साइन'सारख्या गंभीर मालिका निघाल्या. 2012 च्या 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'मध्ये तर गेममध्ये मरणारा माणूस खरोखरच मरतो.

त्याच 2012 मध्ये नात्सुमे आकात्सुकी यांनी 'कोनोसुबा' ही कादंबरी इंटरनेटवर लिहायला घेतली. तिचा अ‍ॅनिमे जानेवारी 2016 मध्ये आला: स्टुडिओ डीन, दिग्दर्शक ताकाओमी कानासाकी, भाग फक्त दहा. तिचा घरकोंबडा नायक काझुमा एका मुलीला ट्रकखालून वाचवतो आणि मरतो. प्रत्यक्षात तो संथपणे येणारा ट्रॅक्टर असतो आणि काझुमा नुसत्या धसक्याने गेलेला असतो. मेल्यावर तो गेमसारख्या एका नव्या जगात पोचतो. तिथे वीरांच्या संघात नाव नोंदवायचं, तर फी भरायला पैसे नाहीत. पुढेही तो आणि त्याच्याबरोबर आलेली देवी आक्वा पोटासाठी तटबंदीच्या कामावर मजुरी करतात आणि रात्री तबेल्यात झोपतात. पन्नास मोहरांत जग वाचवायला निघालेल्या नायकाची पोटापाण्याची सोय कशी होत असेल, याचं उत्तर या प्रसंगाने दिलं. त्यांच्या टोळीत आलेल्या मेगुमिन या जादूगार मुलीने सगळे गुण एकाच स्फोटमंत्रावर खर्च केलेले असतात. दिवसाला एक प्रचंड स्फोट, की ती जमिनीवर आडवी. तिला पाठुंगळी घेऊन घरी आणायचं काम काझुमाचं. गुणांची वाटणी चुकवून पस्तावलेला प्रत्येक खेळाडू मेगुमिनला ओळखतो.

2024 मध्ये आलेली, र्योको कुई यांच्या मांगावरची 'डिलिशस इन डंजन' ही मालिका हाच धागा स्वयंपाकघरात नेते. भुयारात दिवसचे दिवस उतरणारे वीर खातात काय? उत्तर पहिल्याच भागात मिळतं: चालणारं अळंबं, महाकाय विंचू आणि वाळवलेला स्लाइम यांचा रस्सा.

नियम गांभीर्याने घ्यायचे, शेवटपर्यंत पाळायचे आणि त्यांत जिवंत माणसं सोडायची, ही एतोंची रीत या सगळ्यांनी पुढे चालवली. 'कोनोसुबा' हा या परंपरेतला सगळ्यांत प्रसिद्ध टप्पा असला, तरी तिचं सगळ्यांत प्रेमळ रूप 'गुरुगुरु'च आहे. 2017 मध्ये प्रॉडक्शन आय.जी.ने तिची नवी आवृत्ती काढली. तिच्यात जुन्या कन्सोलसारखी ठिपक्यांची चित्रं आहेत आणि 16 खंडांची मूळ कथा 24 भागांत शेवटापर्यंत जाते. घरात गेमवेडी मुलं असतील तर त्यांच्याबरोबर आधी ती पाहा, आणि 'कोनोसुबा' मोठ्यांनी नंतर पाहावी.