तीस एप्रिलची बडोद्याची सही

दुसऱ्या महायुद्धात बडोद्यावर बॉम्ब पडला नाही, पण लढाई घराघरात शिरली ती पैशांतून. सरकारने १९४० मध्ये एक रुपयाची नोट काढली आणि आजोबांचा पगार कागदात आला. चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेणारी पणजी त्या नोटेकडे कितीतरी वेळ बघत राहिली होती. मग १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. धातू वाचवायचा म्हणून मधलं तांबंच काढून घेतलेलं! मुलांनी ते पैसे दोऱ्यात ओवले. आजी हे सांगताना दांडिया बाजारातल्या घासलेटच्या रांगेवर यायची आणि तिथेच रेंगाळायची. रांगेत कोण कोणाच्या पुढे घुसलं, ज्वारीत किती खडे निघाले, कंट्रोलच्या जाड्याभरड्या कापडाचा परकर शिवला तर तो कसा टोचायचा. त्याच लढाईत ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळालं होतं, त्यांची स्पिटफायर विमानं आमच्या संस्थानाचं नाव घेऊन उडत होती. आजीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं.

लढाई संपली तरी रांगा संपल्या नाहीत. उलट रुपयाही बदलला: अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करायची होती, म्हणून १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. त्याच सुमारास फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली आणि वारसियात वसली. त्यांच्यातली एक बाई पापड घेऊन आमच्या ओट्यावर यायची. तिला आणि आजीला एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी जाताना तिच्या हातात आजीचं लोणचं असायचं. कराचीतलं घर कसं होतं हे ती हातवारे करून सांगायची, असं आजी म्हणे.

शहर मात्र लढाईतच पुढची तयारी करू लागलं होतं. बाहेरून येणारा माल आटला तेव्हा इथे १९४३ मध्ये साराभाई केमिकल्स आणि पंप बनवणारी ज्योती निघाली. कोटीभास्कर आणि अमीन यांची अलेम्बिक कंपनी तर १९०७ पासूनची. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या खात्यांत कारकुनी केलेल्या आमच्यासारख्या घरांतली मुलं आता कारखान्याचा भोंगा वाजला की सायकल काढू लागली. आजोबांना ते आवडलं नव्हतं. कचेरी गेली तर माणसाला विचारतो कोण, असं त्यांचं म्हणणं.

आणि कचेरी गेलीच. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पण आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं होतं! हे मला आजही थरारून टाकतं. संस्थानाचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशीची सही विद्यापीठावर. तेव्हाचे महाराज प्रतापसिंहराव यांच्या उधळपट्टीवर आमच्या घरात खूप बोललं जाई. १९५१ मध्ये त्यांचं राजेपदही गेलं. तरी या एका सहीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १८८१ मधलं बडोदा कॉलेज आणि आधीचे महाराज सयाजीराव यांनी जपलेलं कलाभवन यांना त्यामुळे नवं छत्र मिळालं.

कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. त्या संस्थानचे दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असं न लिहिता ‘सर्व माणसं’ असं लिहायला लावणाऱ्या त्याच. १९५० मध्ये फाइन आर्ट्सची फॅकल्टी उघडली. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवायला आले. फॅकल्टीच्या उभारणीत बडोद्याच्या संग्रहालयाचे हर्मन गोएत्झही होते. नाझींच्या जर्मनीपासून दूर आलेल्या या माणसाला लढाईत इंग्रजांनी जर्मन म्हणून कैदेत ठेवलं होतं. ज्या लढाईने आपल्याला कोंडलं, तिच्यानंतर परक्या गावात मुलांना कला शिकवण्याची सोय करायची, याला मोठं मन लागतं.

माझ्या आत्याने याच विद्यापीठात गृहविज्ञानाला नाव घातलं तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. फी भरायला आजीने पाटल्या मोडल्या. पुढे आत्या शिक्षिका झाली आणि वारसियातल्या त्या पापडवालीच्या नातीने तिच्याकडूनच पोषणशास्त्राचे पहिले धडे घेतले. आजोबा मात्र शेवटपर्यंत पगाराला ‘दरबारी’ आणि ‘बाहेरचा’ असे दोनच रकाने करत, आणि आत्याचा पगार कोणत्या रकान्यात मांडायचा, यावर दर महिन्याला घरात वाद होई.