बिजागरीचे कासव आणि न विचारलेला प्रश्न

देवळातले दगडी कासव आपण सर्वांनी पाहिलेले असते. गीतेने स्थितप्रज्ञाला दिलेली, अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमाही परिचयाची असते. पण एक अडचण उरतेच. पाय आत घेतले तरी कवचाची पुढची व मागची तोंडे उघडीच राहतात. त्यांचे काय?

खोडदची ओळख आज तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळे आहे. पण मीना-कुकडीच्या या मुलखासह भारतभर नद्या-तळ्यांत आढळणाऱ्या एका मऊ पाठीच्या कासवाकडे या अडचणीवर उपाय आहे. त्याचे शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. त्याच्या पोटकवचाला मागे दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की त्या वर येऊन दार बंद करतात. पोटकवचाचा पुढचा भागही हलतो. तळे आटले की हे कासव चिखलात गाडून घेते.

आफ्रिकेतल्या कायनिक्सिस या जमिनीवरच्या कासवाने तीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. त्याच्या पाठकवचाच्या मागच्या भागातच बिजागरी असते. तो भाग खाली झुकला की मागचे पाय व शेपूट झाकली जातात. पुढचे तोंड मात्र ते पुढच्या पायांनीच अडवते. पिल्लांना ही बिजागरी नसते. ती वाढीबरोबर तयार होते.

कायनिक्सिस ही प्रजाती थॉमस बेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रस्थापित केली. व्यवसायाने ते दंतवैद्य होते. त्याआधी, १८२५ मध्ये, पोटकवच हलवू शकणाऱ्या कासवांवरही त्यांनी लिहिले होते. कोणाची बिजागरी कुठे आहे, हे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारे तेव्हा थोडेच असतील.

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरील लेखन वाचले गेले. तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष बेलच होते. पुढच्या वर्षीच्या भाषणात त्यांनी गेल्या वर्षाचा आढावा घेतला आणि त्या वर्षात क्रांतिकारक असा शोध लागला नाही, असे मत मांडले!

खरे तर त्यांच्याच कासवांचे कोडे त्या लेखनाने सुटण्याजोगे होते. लिसेमिस आणि कायनिक्सिस ही दोन वेगळ्या कुळांतली कासवे. एकाने झडपा दुसऱ्याकडून घेतलेल्या नाहीत. शत्रूपासून बचाव करण्याची गरज सारखी होती. हाती असलेले कवच वेगळे होते. म्हणून उपायही वेगळे निघाले.

बेल यांना हसण्याचे कारण नाही. नावे आणि खुणा पाठ करून घेताना आपल्याही वर्गात ‘असे का?’ हा प्रश्न राहून जातो. दोन्ही कासवांची चित्रे फळ्यावर काढावीत आणि दार कोण कसे लावते, हे मुलांनाच शोधू द्यावे. जिवंत कासव मात्र वर्गात आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लिसेमिस पकडण्यास आणि पाळण्यास बंदी आहे. शिवाय माणसाच्या हातापुढे त्याच्या झडपांचा काही उपयोग होत नाही.