रॉक बँडचा क्रमिक क्षय : ‘इंडस क्रीड’च्या आधारे एक विवेचन

प्रस्तुत विवेचनात ‘बँड’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने योजली आहे. ठरावीक गायक-वादकांचा जो समूह स्वतःच्या रचना स्वतः निर्माण करतो, स्वतःच सादर करतो आणि ज्याच्या रचना समूहाच्या नावाने ओळखल्या जातात, तो बँड. या व्याख्येने दोन प्रकार वगळले जातात. पहिला, ऑर्केस्ट्रा. तो चित्रपटातील लोकप्रिय गीते सादर करतो आणि त्यातील वादक बदलला तरी त्याची ओळख बदलत नाही. दुसरा, ध्वनिमुद्रणासाठी पाचारण केलेला वादकसमूह. त्याचे अस्तित्व त्या कामापुरते असते. बँडमध्ये व्यक्ती आणि रचना परस्परांपासून विलग करता येत नाहीत. त्याचे सामर्थ्य यात आहे आणि त्याची दुर्बलताही यातच आहे.

‘ऱ्हास’ आणि ‘विघटन’ यांतही भेद करणे आवश्यक आहे. विघटन ही घटना आहे, तिला दिनांक असतो. ऱ्हास ही प्रक्रिया आहे, आणि ती बहुधा विघटनापूर्वीच पूर्ण झालेली असते. तिची लक्षणे तीन : (१) नव्या रचनांमधील अंतर वाढत जाणे, (२) सभासदांच्या वेळेतील व उपजीविकेतील बँडचा वाटा घटत जाणे, (३) श्रोत्यांची पुढची पिढी न जोडली जाणे. यांपैकी दुसरे लक्षण बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. वस्तुतः उरलेली दोन लक्षणे बव्हंशी त्याचीच कार्ये असतात.

बँडचा अंत तीन प्रकारे संभवतो. पहिला प्रकार आकस्मिक नाशाचा. ‘लेड झेपेलिन’चा ड्रमवादक जॉन बॉनहॅम सप्टेंबर १९८० मध्ये निवर्तला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बँडने आपले कार्य थांबवले. दुसरा प्रकार कलहाचा. १९६७ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्या निधनानंतर ‘बीटल्स’मध्ये व्यवहारावरून जे मतभेद वाढले, त्यांची परिणती १९७० मध्ये झाली. तिसरा प्रकार क्रमिक क्षयाचा. यात मृत्यू नसतो, उघड कलह नसतो, कलेचे अपयशही नसते. मुंबईतील रॉक संगीताच्या इतिहासात या तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘रॉक मशीन’, म्हणजेच पुढील काळातील ‘इंडस क्रीड’, हे आहे.

या बँडच्या आयुष्याच्या चार अवस्था मानता येतात. पहिली अवस्था अनुकरणाची. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. त्या काळी इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या भारतीय बँडकडून श्रोत्यांची अपेक्षा एकच असे : परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत. दुसरी अवस्था स्वनिर्मितीची. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे स्वरचित गीतांचे अल्बम आले. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेसवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया आणि ड्रमवादक मार्क मेनेझिस हा संच याच काळात श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. तिसरी अवस्था रूपांतराची. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशिया विभागातील प्रेक्षकांची पसंती लाभली. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. चौथी अवस्था क्षयाची, आणि ती अत्यल्प काळाची आहे. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. सर्वोच्च मान्यता १९९३ मध्ये, सर्वांत परिपक्व निर्मिती १९९५ मध्ये आणि अंत १९९७ मध्ये, हा क्रम कसा उपपन्न होतो?

प्रथम दोन प्रचलित उत्तरे तपासली पाहिजेत. पहिले उत्तर कलहाचे. ते पुढील घटनाक्रमाशी विसंगत आहे. विसर्जनानंतर बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये एकत्र येऊन ‘आम्स फॉर शांती’ हा बँड उभा केला. पुढे भारतात परतल्यावर बेनेगल यांनी तिनईकर यांच्यासह ‘व्हर्लिंग कलापास’ या नावाने वादन केले. ज्यांच्यातील संबंध तुटले ते असे पुन्हा पुन्हा एकत्र येत नाहीत. दुसरे उत्तर गुणवत्तेच्या अभावाचे. वर दिलेला कालक्रमच त्याचे खंडन करतो. तेव्हा कारण बँडच्या अंतरंगात न शोधता त्याच्या आधारात शोधले पाहिजे.

आधार म्हणजे ज्याच्या बळावर समूह पुढचे वर्ष समूह म्हणून काढू शकतो ते सर्व. त्याची अंगे चार : माध्यम, अर्थ, स्थल आणि मनुष्यबळ.

माध्यमाविषयी थोडक्यात सांगता येते. १९९१ मध्ये स्टार वाहिनीसमूहातून एमटीव्ही भारतात दिसू लागली, तेव्हा तिची भाषा इंग्रजी होती. इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या बँडला त्यामुळे प्रथमच राष्ट्रीय दर्शन घडले. १९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार विभक्त झाले, त्या जागी चॅनल व्ही आली, आणि १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्र भारतीय वाहिनी म्हणून परतली. या फेरबदलात वाहिन्यांचा कल हिंदीकडे वळला. १९९५ मधील अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ आणि १९९६ मधील लकी अली यांचे ‘सुनो’ या यशांनी तो कल पक्का केला. माध्यमाने जे दिले ते दोन-तीन वर्षांतच परत घेतले. तथापि माध्यमाचा लोप हे क्षयाचे पुरेसे कारण नव्हे. एखाद्या बँडला अन्य तीन अंगांचा आधार असेल तर तो दूरचित्रवाणीविना तग धरू शकतो.

अर्थाचे अंग अधिक गहन आहे. बँडच्या उत्पन्नाचे मार्ग तीन : विक्री, स्वामित्वशुल्क आणि कार्यक्रम. कॅसेटच्या युगात विक्रीचा मोठा भाग चित्रपटसंगीताने व्यापलेला होता. स्वामित्वशुल्काबाबत भारतीय व्यवहार निर्मात्याच्या बाजूने झुकलेला होता. रचनाकार आणि गीतकार यांचा शुल्कातील वाटा त्यांच्यापासून काढून घेता येणार नाही, ही तरतूद कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झाली. उरले कार्यक्रम. त्यांत श्रोते होते, याविषयी शंका नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा उपनगरात अशा संगीतासाठी लोटणारा समुदाय सर्वांनी पाहिला. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर केला, तेव्हाही तोच अनुभव आला. यावरून एक भेद काढता येतो. मुंबईत प्रसंगाला पैसे देणारा श्रोता विपुल होता, सातत्याला पैसे देणारा श्रोता विरळ होता. परदेशी बँड प्रसंगावर जगू शकतो, कारण त्याचे सातत्य अन्य देशांत पोसले जाते. स्थानिक बँडला ती सोय नाही.

स्थलाच्या अंगाचा विचार करताना कालक्रमाची दक्षता घेणे भाग आहे. धोबी तलावचे रंगभवन हे खुले प्रेक्षागृह मुंबईच्या रॉक संगीताचे केंद्र होते. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव तेथेच रुजला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र निश्चित झाले, आणि २००३ च्या सुमारास रंगभवन या संगीताला बंद झाले. ‘इंडस क्रीड’ त्यापूर्वीच विसर्जित झालेला असल्याने रंगभवनाचा लोप त्याच्या पहिल्या ऱ्हासाचे कारण ठरत नाही. तो पुढच्या पिढीच्या, आणि म्हणून बँडच्या पुनरागमनाच्या, अडचणीचे कारण आहे. ‘इंडिपेंडन्स रॉक’ नंतर अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. परंतु प्रेक्षागृह आणि मैदान यांत मूलभूत फरक आहे. प्रेक्षागृहात रंगमंच, आसने व प्रवेशद्वार आधीच सिद्ध असतात. मैदानावर प्रत्येक वेळी मंच, कुंपण, जनित्र आणि ध्वनियंत्रणा उभारावी लागते. हा खर्च प्रायोजकाशिवाय झेपत नाही, आणि प्रायोजकाला प्रसंग हवा असतो, सातत्य नव्हे. अशा रीतीने स्थलाचे अंग पुन्हा अर्थाच्या अंगाशी येऊन मिळते.

स्थलाचा दुसरा भाग म्हणजे सरावाची जागा. याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून येथे विस्तार करणे उचित ठरेल. मुंबईच्या उपनगरांत, उदाहरणार्थ बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे, पुष्कळ वस्ती सहकारी गृहनिर्माण संस्थांतील सदनिकांत आहे. विद्युत गिटारचा सराव कानाला हेडफोन लावून करता येतो, ड्रमचा करता येत नाही. म्हणून बँडला तासाच्या भाड्याने जॅम रूम घ्यावी लागते. अशा खोल्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत किंवा तळघरांत उभ्या राहतात. तेथे सर्व सभासद एकाच वेळी पोचले पाहिजेत. बोरिवली पश्चिम रेल्वेवर, घाटकोपर व मुलुंड मध्य रेल्वेवर, आणि दोन्ही मार्गांचा सोयीचा संगम दादरला. घाटकोपर आणि अंधेरी यांना थेट जोडणारी मेट्रो जून २०१४ मध्ये धावू लागली. तत्पूर्वी वाद्ये पाठीवर घेऊन अंधेरी-कुर्ला मार्गावरून संध्याकाळच्या गर्दीत जाणे, हाच आडवा रस्ता होता. पाच जणांनी आठवड्यातून तीनदा एकत्र येणे ही बँडची किमान गरज आहे, आणि उपनगराची रचना नेमकी याच गरजेच्या विरुद्ध आहे. या गरजेला समकालिक उपस्थिती असे नाव देता येईल.

या संज्ञेमुळे चौथ्या अंगाचा, मनुष्यबळाचा, उलगडा होतो. पूर्वी चित्रपटगीताच्या मुद्रणासाठी संपूर्ण वादकवृंद एकत्र बसत असे. बहुपथ मुद्रणानंतर प्रत्येक वादक स्वतंत्रपणे बोलावला जाऊ लागला. जाहिरातींची जिंगल, मालिकांचे शीर्षकगीत, चित्रपटाचे पार्श्वसंगीत ही कामे अंधेरीच्या परिसरात एकवटली. त्यांना एकच गिटारवादक, एकच गायक, तोही दोन तासांपुरता, पुरतो. तात्पर्य, शहराने व्यक्तीला काम दिले, समूहाला दिले नाही. उदाहरणार्थ, विशाल ददलानी यांचा ‘पेंटाग्राम’ हा बँड १९९४ मधला, आणि त्यांचे ‘विशाल-शेखर’ या जोडीतील चित्रपटसंगीत १९९९ पासूनचे. ‘पेंटाग्राम’ने पुढेही अल्बम काढले, परंतु त्यांतील अंतर सतत चार ते सहा वर्षांचे राहिले : १९९६, २००२, २००७, २०११. यात कोणाचाही दोष नाही. कलावंताने उपजीविकेचा मार्ग स्वीकारणे ही प्रतारणा नव्हे.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. १८८० मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली, १९०८ मध्ये केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श स्थापन केली, आणि १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेही समूहच होते, आणि त्यांत व्यक्ती व रचना तितक्याच घट्ट बांधलेल्या होत्या. बोलपट आल्यानंतर मंडळ्या ढासळल्या, त्याचे कारण सामान्यतः ‘प्रेक्षक चित्रपटाकडे गेले’ असे सांगितले जाते. ते अपुरे आहे. गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी गोविंदराव टेंबे १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले आणि त्याचे संगीतही त्यांनी दिले. स्वतः बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त आले. चित्रपटाने मंडळ्यांचे प्रेक्षक नेले, त्याचबरोबर माणसेही नेली. मात्र मंडळ्यांकडे एक गोष्ट होती जी ‘इंडस क्रीड’कडे नव्हती : तिकीट काढून पुन्हा पुन्हा येणारा स्वभाषिक श्रोता. म्हणून त्यांचा क्षय दशकभर चालला आणि या बँडचा दोन वर्षांत आटोपला.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांनी बेसवर रुशाद मिस्त्री व ड्रमवर जय रो कवी यांना घेऊन ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभा केला. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. आधीच्या अल्बमपासूनचे अंतर सतरा वर्षांचे. या पुनरुज्जीवनाने कारणमीमांसेची पडताळणी होते. कलाशक्ती नष्ट झालेली असती तर अल्बम झालाच नसता. आधार निर्माण झालेला असता तर तो एकटा राहिला नसता.

पवईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’सारख्या महोत्सवांतून उपनगरांत नवे बँड अद्याप जन्म घेतात. महाविद्यालय जन्म देऊ शकते, पोषण करू शकत नाही, कारण त्याचा विद्यार्थी चार वर्षांत बाहेर पडतो. पोषणाची साधने मात्र उपनगरांत आहेत. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे महाकवी कालिदास आणि विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर ही महापालिकेची बंदिस्त नाट्यगृहे आहेत. तेथे मंच सिद्ध आहे आणि स्थानकही जवळ आहे. नाटकांचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी होतात. आठवड्यातील एक-दोन सकाळी स्वरचना करणाऱ्या बँडना सरावासाठी आणि महिन्यातील एक संध्याकाळ सादरीकरणासाठी अल्प भाड्याने राखून ठेवावी, असा प्रस्ताव महापालिकेने विचारात घ्यावा, आणि या भागांतील वाचकांनी आपापल्या नगरसेवकांकडे त्याची मागणी करावी.